आधी सपाटी, मग उतार

२६ जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिकमधली पुरुषांची माउंटन बायक शर्यत इझूच्या डोंगराळ भागात सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. पहिल्याच फेरीत एका मोठ्या खडकावरून खाली उतरायचं होतं. नेदरलँड्सचा माथ्यू फान डर पूल, सायक्लोक्रॉसचा चार वेळचा जगज्जेता आणि सुवर्णपदकाचा दावेदार, त्या खडकाच्या कडेशी आला. त्यानं पुढचं चाक सरळ खाली सोडलं आणि दुसऱ्याच क्षणी तो हँडलवरून पुढे फेकला गेला. सरावाच्या दिवसांत तिथे उतरायला फळी लावलेली होती. शर्यतीत ती नसणार हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्यानं नंतर सांगितलं. मार खाल्लेल्या अंगानं तो काही फेऱ्या खेळला आणि मग शर्यत सोडून दिली. सुवर्णपदक ब्रिटनच्या टॉम पिडकॉकनं नेलं.

फान डर पूलच्या मांड्यांत ताकद कमी नव्हती, छातीत दम कमी नव्हता. फळी असेल तर पुढचं चाक तिच्यावरून आपोआप उतरतं. फळी नसेल तर सायकल हातांनी पुढे सारून दोन्ही चाकं जवळजवळ एकाच वेळी टेकवावी लागतात. ही दुसरी कृती त्याला झोपेतही जमली असती. ती करायची आहे हे त्या क्षणी कळलं नाही, एवढंच. नवशिक्यांना मात्र हीच कृती वीतभर उंचीच्या पायरीवर, पहिल्या काही धड्यांतच शिकवतात. माउंटन बायकिंगमध्ये दम आणि कसब ही दोन वेगळी खाती आहेत. एकात कितीही शिल्लक असली तरी दुसऱ्यातली तूट त्यातून भरून निघत नाही.

महाराष्ट्रातल्या सायकलस्वारांनी पहिलं खातं चांगलंच भरून ठेवलं आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं पुरी केली. गावोगावचे सायकल गट पहाटे घाट चढतात, दोनशे-तीनशे-सहाशे किलोमीटरच्या, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या ‘ब्रेव्हे’ करतात. इथे सायकलस्वाराची ओळखच आकड्यांतून होते: किती किलोमीटर, किती वेळात, किती मीटर चढ. यातलाच एखादा सायकलस्वार हौसेनं माउंटन बायक घेतो आणि पहिल्याच रविवारी सिंहगडाच्या परिसरातल्या किंवा मुळशीकडच्या एखाद्या पायवाटेवर उतरतो. चढावर तो कुणाला ऐकत नाही. उताराला लागल्यावर मात्र त्याचे कोपर ताठ होतात, नजर पुढच्या चाकावर खिळते, दोन्ही ब्रेक करकचून आवळले जातात आणि मुरमाडावर मागचं चाक घसरायला लागतं. पडला नाही तर तो दिवस चांगला गेला, असं समजून घरी येतो. पण पडला नाही म्हणजे शिकला असं नव्हे.

या खेळाचा जन्म झाला तेव्हा शिकवणारं कुणीच नव्हतं, हेही खरं. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी शर्यत लावली. साधारण तीन किलोमीटरात तेराशे फूट उतार. सायकली १९३०-४० च्या दशकातल्या, जाड टायरच्या, जड आणि भंगारात निघालेल्या. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, उलटं पायडल मारून लावायचा. एका उतारात हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच त्या शर्यतीचं नाव ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणं, पडलं. तिथल्या मंडळींपैकी जो ब्रीझनं १९७७ मध्ये डोंगरासाठीच म्हणून पहिली सायकल बांधली; ती आता स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही नावंही त्याच टोळीतली. ते सगळं पडून पडून शिकले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ कारखान्यात तयार होऊन बाजारात आली. खेळ झपाट्यानं पसरला, १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या दुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये तो दाखल झाला. शिकवण्याचं शास्त्र मात्र बरंच मागाहून आलं, आणि येताना त्यानं आधीचे बरेच सल्ले मोडीत काढले.

त्यातला सर्वांत चिवट सल्ला म्हणजे, ‘उतारावर अंग मागे टाका, सीटच्याही मागे जा.’ आजही कुठल्याही सायकल गटात नवख्याला पहिली सूचना हीच मिळते. एके काळी ती बरोबर होती. १९९० च्या दशकातली माउंटन बायक आखूड असायची. हँडलचा दांडा जेमतेम सहाशे मिलिमीटर रुंद, हँडल सायकलला जोडणारा स्टेम शंभर मिलिमीटरच्या वर लांब, पुढच्या फोर्कचा कोन सत्तर-एकाहत्तर अंशांचा म्हणजे बराच उभा, आणि सीट उंचावर घट्ट बसवलेली. चालवणाऱ्याचं वजन मुळातच पुढच्या चाकावर झुकलेलं. जरा खड्डा आला की कोलांटी ठरलेली. अशा सायकलवर मागे सरकणं हाच बचाव होता.

आजची सायकल तशी राहिलेली नाही. हँडल ७६० ते ८०० मिलिमीटर रुंद झालं, स्टेम पस्तीस-पन्नास मिलिमीटरवर आला, फोर्क पुढे कलला आणि बऱ्याच ट्रेल बायकवर त्याचा कोन चौसष्ट ते सहासष्ट अंशांवर आला. पुढचं चाक चालवणाऱ्याच्या हातांपासून खूप पुढे गेलं. अशा सायकलवर अंग मागे टाकलं तर पुढच्या चाकावरचं वजन उडतं आणि वळणावर तेच चाक आधी सुटतं. मागे सरकताना हात ताणले जातात; ताणलेला हात धक्का शोषू शकत नाही आणि हँडल वळवूही शकत नाही. म्हणून आता प्रशिक्षक सांगतात ते जवळजवळ उलट: अंग खाली आणा, मागे नको. उतार जसा तीव्र होईल तशी सायकल खाली कलू द्या, वजन मात्र दोन्ही पायडलांच्या मधल्या बिंदूवरच राहू द्या.

हे शक्य झालं ते हँडलवरचं बटण दाबून खालीवर होणाऱ्या सीटमुळे, म्हणजे ड्रॉपर पोस्टमुळे. जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी १९८४ मध्येच ‘हाइट-राइट’ नावाची एक स्प्रिंग काढली होती. पकड ढिली करून सीटवर बसलं की सीट खाली जायची, उठलं की वर यायची. आताच्या ड्रॉपरची कल्पना तिथलीच. २०१० नंतर ड्रॉपर सगळीकडे पसरले आणि २०२२ च्या मिलान-सान रेमो या डांबरी रस्त्यावरच्या नामांकित शर्यतीत स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचनं ड्रॉपर लावून शेवटचा उतार धडाधड उतरत ती जिंकलीही. नवशिक्यानं सायकलवर आणखी पैसे खर्चायचेच असतील तर हलक्या चाकांऐवजी आधी ड्रॉपरवर खर्चावेत, यावर प्रशिक्षकांचं क्वचितच दुमत होतं. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी उताराआधी थांबून हातानं सीट चार बोटं खाली घ्यावी. फुकटात होणारं काम आहे, पण शरम वाटते म्हणून लोक करत नाहीत.

आता मूळ उभं राहणं. शिकवणाऱ्यांच्या भाषेत ही ‘रेडी पोझिशन’, आणि तिच्यावर जितका वेळ घालवावा तितका थोडा. सीटवरून उठायचं. दोन्ही पायडल जमिनीला समांतर, एक पुढे एक मागे. तळव्याचा रुंद भाग पायडलच्या दांड्यावर आणि टाचा किंचित खाली. गुडघे थोडे वाकलेले आणि बाहेर उघडलेले. कंबरेतून पुढे वाकायचं, पाठ सरळ, हनुवटी साधारण स्टेमच्या वर. कोपर वाकवून बाहेर काढायचे. प्रत्येक हाताचं एकच बोट ब्रेकवर, बाकीची दांड्याभोवती. चांगला प्रशिक्षक शिकणाऱ्याला सपाटीवर संथ चालवायला लावतो आणि मध्येच सांगतो: दोन्ही हातांची बोटं क्षणभर मोकळी सोडा. अंग पुढे पडलं तर वजन हातांवर होतं. मागे ओढलं गेलं तर शिकणारा हँडलला लटकला होता. काहीच झालं नाही तर वजन पायांवर आहे, जिथे ते असायला हवं. टाचा खाली ठेवण्यालाही कारण आहे. जोरात ब्रेक लागला की अंग पुढे फेकलं जातं. खाली दाबलेली टाच तो जोर पायडलमध्ये घेते. टाच वर असेल तर तोच जोर मनगटांवर येतो. नवशिक्यांच्या पडण्यात मनगट आणि गळ्याचं हाड वारंवार दुखावतं, त्यात याचाही वाटा असू शकतो.

ब्रेकचा धडा इथे जरा वेगळा द्यावा लागतो. भारतात लहानपणापासून ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील’ हे इतक्यांदा ऐकवलेलं असतं की कित्येक जण आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर चालवतात. पण थांबण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. वेग कमी होताना वजन पुढे सरकतं, पुढच्या चाकाची पकड वाढते, मागचं हलकं होऊन घसरतं. उलटं पडायला होतं ते पुढचा ब्रेक लावल्यामुळे नव्हे. तो एकदम आणि ताठ हातांनी, वळणात किंवा दगडाला टेकलेलं चाक असताना लावल्यामुळे. सराव सोपा आहे. मैदानात एक चप्पल ठेवायची. तिच्यापाशी आल्यावर ब्रेक सुरू करायचा, थांबलं तिथे दुसरी ठेवायची. आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा, मग दोन्ही. तिन्ही वेळा किती अंतर लागलं ते पावलांनी मोजायचं. पुढच्या ब्रेकबद्दलची भीती या मोजणीत जशी जाते तशी कुणाच्या सांगण्यानं जात नाही. हाच सराव नंतर गवतावर, मग मुरमावर करायचा, म्हणजे चाक लॉक होण्याच्या जरा आधी हाताला काय जाणवतं ते कळू लागतं.

त्याआधी कुठल्या हाताला कुठला ब्रेक आहे ते मात्र बघून घ्यावं. आपल्याकडे मोटारसायकलसारखाच उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. अमेरिकेत तो डावीकडे असतो, आणि काही आयात सायकली तशाच जोडलेल्या येतात. मित्राची सायकल घेऊन पहिल्याच उतारावर ही गंमत कळणं फारसं गमतीचं नसतं.

नजर हे तिसरं अंग, आणि शिकवायला सर्वांत अवघड. पडायची भीती ज्या दगडाची, नेमक्या त्याच दगडाकडे डोळे जातात आणि सायकलही तिकडेच जाते. म्हणून प्रशिक्षक ‘दगडाकडे बघू नका’ असं सांगत नाहीत, कारण त्यानं दगडच दिसतो. ते वाट दाखवतात: या दोन दगडांमधली माती बघा, मग ते झाड, मग त्याच्या पलीकडचं. वळणात शिरण्याआधी नजर वळणाच्या शेवटाकडे पोचलेली हवी. वेग वाढेल तशी ती आणखी पुढे न्यायची.

वळण घेताना अंग एका बाजूला आणि सायकल दुसऱ्या बाजूला, ही कल्पना रस्त्यावर चालवणाऱ्याला पटत नाही. डांबरावर दोन्ही एकत्र कलतात. मातीवर पकड कमी. म्हणून सायकल आत कलवायची, अंग तिच्यावर उभं ठेवायचं, बाहेरचा पाय खाली दाबायचा, म्हणजे टायरच्या कडेचे गुठळे जमिनीत रुततात. इंग्रजी शिकवणीत यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. आणि तरी महाराष्ट्रातल्या एका पिढीनं हे नकळत केलेलं आहे: तासाच्या भाड्यानं आणलेली वडीलधाऱ्यांच्या मापाची सायकल, मधल्या दांडीखालून पाय घालून कैची मारत चालवायची, तेव्हा सायकल एकीकडे कललेली आणि पोरगं दुसरीकडे लटकलेलं असायचं. ती सवय बहुतेकांची उंची वाढताच गेली.

गणेशोत्सवातल्या सावकाश सायकल स्पर्धेचंही तसंच. ठराविक अंतर, पाय टेकायचा नाही, शेवटी पोचणारा जिंकला. माउंटन बायक शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, नवशिक्यांसाठी याहून चांगला सराव तो सुचवू शकणार नाही. तोल सांभाळायला वेग मदत करतो. वेग काढून घेतला की उरतं ते फक्त कसब. वेग कमी करत करत शेवटी जागेवर थांबून तोल धरणं म्हणजे ‘ट्रॅक स्टँड’. तो दहा सेकंद जमला की अवघड जागी पाय न टेकता थांबून पुढची वाट बघता येते, आणि पायवाटेवर समोरून म्हशी आल्या तरी गडबड होत नाही. मंडळांनी ही स्पर्धा बक्षिसांच्या यादीत तळाला टाकली आहे, याचं वाईट वाटतं.

चढाचं कसब तुलनेनं लवकर येतं. सीटच्या टोकाशी सरकायचं, छाती खाली आणायची, हलका गिअर चढ सुरू होण्याआधीच घालायचा आणि पायडल गोल, एकसारखं मारायचं. फार मागे बसलं तर पुढचं चाक उचललं जातं. उभं राहिलं तर मागचं चाक सैल मातीवर फिरत बसतं. या दोन्हींच्या मधली जागा काही दिवसांत अंगवळणी पडते.

उलट जे सर्वांत आधी शिकावंसं वाटतं ते सर्वांत शेवटी ठेवावं. २००९ मध्ये स्कॉटलंडच्या डॅनी मॅकअॅस्किलचा एडिंबराच्या रस्त्यांवरचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला, आणि तेव्हापासून प्रत्येक शिकाऊ मुलाला दोन्ही चाकं उचलून उडी मारायची असते. ही उडी, म्हणजे ‘बनी हॉप’, उपयोगाची आहे, पण ती चार कृतींची बनलेली आहे: अंग खाली दाबणं, पुढचं चाक वर ओढणं, उभं राहणं, मागचं चाक पायांनी वर घेणं. त्यातली पहिली कृती, म्हणजे सायकल जमिनीत दाबून हलकी करणं, ज्याला येत नाही तो हातांनी हँडल उपटत बसतो. पुढचं चाक एखाद्या विटेवर अलगद ठेवता येणं, इतकंच पहिल्या महिन्यांत पुरेसं आहे. बहुतेक पायवाटांवर लागतं ते तेवढंच.

हे सगळं किती दिवसांत येतं? पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये अंगकौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या: आधी डोक्यानं विचार करत करणं, मग चुका कमी होत जाणं, मग विचार न करता होणं. खडकाळ उतारावर विचार करायला वेळ नसतो. तिथे तिसऱ्या पायरीवरचंच कौशल्य कामाला येतं. पहिल्या पायरीवरचा माणूस तिथे नेला की तो शिकत नाही, फक्त घाबरतो आणि घाबरून जुनी ताठ सवय आणखी पक्की करतो. ‘मोठ्या उतारावर नेलं की आपोआप शिकतो’ ही आपल्याकडची लाडकी समजूत इथेच चुकते.

सराव कसा करावा यावर १९७९ चा जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांचा एक प्रयोग अजून सांगितला जातो. हातानं लाकडी अडथळे वेगवेगळ्या क्रमांनी पाडायचे, असं साधं काम. एका गटानं एकेक क्रम पुन्हा पुन्हा घोटला, दुसऱ्यानं सगळे क्रम मिसळून केले. सराव चालू असताना घोटणारे पुढे होते. नंतरच्या परीक्षेत मिसळणारे. प्रशिक्षकांनी यातून घेतलेलं सार असं की, नवी कृती सुरुवातीला घोटावीच, पण हाताला जरा लागली की ब्रेक, वळण, पायरी यांची सरमिसळ करावी. आणि ट्रेलवर अवघड तुकडा आला की तो कसाबसा पार करून पुढे पळू नये. थांबून सायकल ढकलत मागे न्यावी आणि तोच तुकडा पुन्हा करावा. किलोमीटर मोजणाऱ्या सायकलस्वाराला हे पाप वाटतं. सकाळभरात दोन किलोमीटर झाले, हे घड्याळात दाखवायचं कसं?

आता सायकल. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मुलांनी जाड टायरच्या, सरळ हँडलच्या प्रत्येक सायकलला सरसकट ‘रेंजर’ म्हटलं. आज दुकानात त्या जागी ‘एमटीबी’ हा शब्द आला आहे आणि तोही तितक्याच सैलपणे वापरतात. सात-आठ हजारांच्या सायकलला लावलेले दोन स्प्रिंगचे शॉक वजन वाढवतात आणि पायडलचा जोर खातात. डोंगराच्या धक्क्यांसाठी ते बनलेलेच नसतात. नवशिक्यानं मागचं सस्पेन्शन नसलेली ‘हार्डटेल’ घ्यावी. पैशांचा विचार आहेच, शिवाय हार्डटेल चूक लपवत नाही. दगड चुकीच्या ठिकाणी घेतला की पायांना लगेच कळतं. महागड्या फुल सस्पेन्शनवर शिकलेला माणूस चुका पोटात घालणाऱ्या सायकलवर विसंबून राहतो. याच्या उलट मतही आहे: फुल सस्पेन्शन भीती कमी करते आणि भीती कमी झाली की शिकणं सोपं होतं. घाबरट, चाळिशी ओलांडलेल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या शिकणाऱ्याच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मात्र दोन्ही प्रकारच्या सायकलींना हवेत. एका बोटानं थांबवायचं तर दुसरा इलाज नाही.

बुटाला अडकणारे क्लिप पायडल सुरुवातीला नकोत. पाय अडकलेला असला की चाक उचलताना माणूस बुटानं ओढतो आणि खरं तंत्र येतच नाही. पिनांची रुंद सपाट पायडलं आणि सपाट तळव्याचे बूट पुरेत. हवेबाबत आपल्याकडचा घोळ जुनाच आहे: टायर दगडासारखं टणक झालं म्हणजे हवा ‘बरोबर’. मातीवर अशा टायरची पकड जाते आणि प्रत्येक खडा मनगटापर्यंत पोचतो. सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरला मध्यम वजनाच्या माणसासाठी वीस ते अठ्ठावीस पीएसआयच्या आसपास हवा चालते. ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगडावर ट्यूब रिमशी चेपून दोन भोकं पडतात. माळरानावर फिरणाऱ्यानं सीलंट घातलेलं ट्यूबलेसच घ्यावं. बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांपुढे पंक्चरचं सामान फार दिवस पुरत नाही. हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्यांचे पॅड याबद्दल वाद नाही. एकदा डोकं आपटलं की हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं.

जिथे हा खेळ रुजला तिथे शिकण्याची सोयही जमिनीत घडवलेली असते. कॅनडातल्या व्हिसलरला स्कीइंगच्या पाळण्यातून सायकली डोंगरावर चढवतात आणि खाली येणाऱ्या वाटांना हिरवं, निळं, काळं असे दर्जे दिलेले असतात. ही खुणांची पद्धतही स्कीइंगमधूनच आली. वेल्समधल्या कोइड-अ-ब्रेनिनच्या सरकारी जंगलात १९९० च्या दशकात खास माउंटन बायकसाठी वाटा बांधल्या गेल्या आणि ब्रिटनभर तोच नमुना गिरवला गेला. टास्मानियातलं डर्बी हे कथिलाच्या खाणी बंद पडल्यावर ओस पडलेलं गाव. २०१५ मध्ये तिथे ट्रेल सुरू झाले आणि गावाला सायकलवाल्यांची रीघ लागली. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांच्या लीगमधून २००९ मध्ये ‘नायका’ ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्या शर्यतीत राखीव खेळाडूंचा बाक नसतो, संघातलं प्रत्येक मूल सायकल चालवतं. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे: तीच पायरी, तेच वळण, तोच उंचवटा शिकणाऱ्याला उद्याही तसाच सापडतो. तो पुन्हा पुन्हा करता येतो आणि थोडा अवघड हवा असेल तर शेजारीच असतो.

सह्याद्रीत तसं नाही. इथली वाट ऋतूनुसार बदलते. घाटमाथ्यावर मार्च-एप्रिलमध्ये बेसॉल्टचा घसारा आणि भुग्यासारखा मुरूम, ज्यावर पुढचा ब्रेक अंड्यासारखा हाताळावा लागतो. पावसात खडकावर शेवाळ. देशावरची काळी माती ओली झाली की टायर आणि फोर्कच्या मध्ये इतकी भरते की चाक फिरायचं थांबतं. तेव्हा सायकल खांद्यावर घेणं हेच कसब. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा सडा कोरडा असताना छान पकड देतो, पण त्याच्या खाचा टायर फाडतात. शिकायला उत्तम काळ ऑक्टोबरचा शेवट ते जानेवारी, जमीन ओल धरून असते तेव्हाचा. आणि उत्तम जागा गडाची वाट नव्हे, तर दोन चाकोऱ्यांची जुनी गाडीवाट: रुंद, मंद उताराची, चुकलं तर बाजूला निघता येणारी.

कुठे चालवू नये हाही शिकण्याचा भाग आहे. मरिन काउंटीत १९८० च्या दशकात चालणाऱ्यांशी आणि घोडेस्वारांशी खटके उडाले, अनेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. खेळ जिथे जन्मला तिथेच त्याला बंदी, अशी वेळ आल्यावर १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी एकत्र येऊन ‘इम्बा’ ही संस्था काढली आणि ट्रेलवर वागण्याचे नियम लिहिले: चालणाऱ्याला आधी वाट, ओल्या मातीत चाकोऱ्या पाडू नका, घसरून थांबू नका. पुण्यातल्या टेकड्यांवर रोज सकाळी चालायला येणाऱ्यांची गर्दी पाहता हे नियम तिथे तंतोतंत लागू आहेत. राखीव जंगलात वनखात्याची परवानगी हवी. कासच्या पठारावर मातीचा थर बोटभर असतो आणि त्यातच तिथली फुलं येतात, तिथे टायर नेऊच नये. गडकोटांवरच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवण्याच्या व्हिडिओंबद्दल कमीत कमी शब्दांत सांगायचं तर, त्यातल्या बऱ्याच पायऱ्या संरक्षित आहेत.

भारतात स्पर्धांची कमतरता आता तितकीशी नाही. सिमल्याची ‘एमटीबी हिमालय’ २००५ पासून होत आली, ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातल्या पोनमुडीला आशियाई माउंटन बायक स्पर्धा झाली, आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणानं माउंटन बायक व बीएमएक्ससाठीचं केंद्र सिमल्याला जाहीर केलं. संगमनेरच्या प्रणिता सोमणनं राष्ट्रीय स्तरावर पदकं मिळवून दाखवली. म्हणजे वरच्या टोकाला दार आहे. खालच्या टोकाला, नऊ-दहा वर्षांच्या मुलानं किंवा चाळिशीतल्या बाईनं पहिली वीतभर पायरी कुठे उतरायची, याचं उत्तर मात्र बहुतेक शहरांत ‘सोसायटीचं पार्किंग’ असंच आहे.

त्यासाठी लागतं तेही फार नाही. मातीचा छोटा पंप ट्रॅक, म्हणजे उंचवटे आणि कललेली वळणं यांची गोल वाट, जिच्यावर पायडल न मारता नुसतं अंग दाबून आणि हलकं करून वेग मिळवायचा, दोन गुंठ्यांत बसतो. उभं राहणं, दाबणं, नजर, वळण, सगळं त्यावर एकत्र घोटलं जातं आणि पडलं तरी वेग कमी असतो. लागतो तो मुरूम, फावडी, पाण्याचा टँकर आणि निचऱ्यासाठी थोडा उतार. जागा म्हणाल तर महापालिकेच्या बागांमध्ये स्केटिंगच्या रिंका आहेत, त्यातल्या कितीतरी वापराविना पडून आहेत. आपल्या पावसात असा ट्रॅक दर वर्षी वाहून जाईल, हा आक्षेप खरा आहे. दसऱ्यानंतर दोन दिवस खपून तो पुन्हा चोपावा लागेल, आणि ते काम करायला सायकल गटाची माणसं पुरतील.